कापडी डायपर घेताना ‘इको-फ्रेंडली’ शिक्का नको, शिलाई आणि वाळायला लागणारा वेळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंना सातवा महिना चालू आहे, बाळ जूनच्या शेवटाला येणार. डिस्पोजेबल डायपर जमेल तेवढे टाळायचेत म्हणून कापडी डायपरचा सेट ऑनलाईन मागवायचाय, पण जी ती कंपनी स्वतःला इको-फ्रेंडली, सस्टेनेबल, केमिकल-फ्री म्हणवून घेते, मग खरी कुठली ते कसं ओळखायचं? चोवीसचा कॉम्बो घेऊ का? सासूबाई म्हणतात जुनेराचे लंगोट बास झाले, आणि मिस्टर म्हणतात धुण्यात एवढं पाणी घालवण्यापेक्षा विकतचे परवडले.

ताई, आधी माझा स्वार्थ सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज राहील. मी बाळांचे कपडे, लंगोट आणि कापडी डायपर शिवते, आणि त्याआधी बरीच वर्षं गारमेंट युनिटला क्वालिटी चेकिंगमध्ये होते. म्हणजे मी विकणारी पण आहे आणि उसवून बघणारी पण. तरीसुद्धा चोवीसचा कॉम्बो आत्ता अजिबात घेऊ नका असंच सांगते.

कारण साधं आहे. फ्री-साईज म्हणून जे डायपर मिळतात, पुढे टिचबटणांच्या रांगा असलेले, ते पाचेक किलोच्या बाळापासून नीट बसतात. आपल्याकडं बाळ जन्मतं अडीच-तीन किलोचं. त्याच्या मांड्या काडीसारख्या, डायपरची सगळी बटणं आवळली तरी मांडीपाशी फट राहणार, तिथनं गळणार, आणि घरातले सगळे म्हणणार बघ आम्ही सांगत होतो. मग तो सेट कपाटात जातो आणि डिस्पोजेबलचं पाकीट घरात येतं. न वापरलेल्या डायपरइतका पर्यावरणाला महाग डायपर दुसरा नाही, मग त्यावर कितीही पानं-फुलं छापलेली असू देत.

त्यामुळं पहिले दोन-तीन महिने सासूबाईंचं ऐका, खरंच. जुनी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर, त्याचे चौकोन फाडून कडेला हातशिलाई किंवा ओव्हरलॉक मारून घ्या. ह्या कापडासाठी नवीन कापूस पिकवलेला नाही, नवीन रंग लावलेला नाही, ह्याहून सस्टेनेबल बिझनेस तुम्हाला इंटरनेटवर सापडणार नाही. फक्त साडी प्युअर कॉटन आहे का ते बघा, हल्ली ‘कॉटन मिक्स’ म्हणून अर्धं पॉलिस्टर असतंय आणि ते शू पीतच नाही. जुनं कापड पुरत नसेल तर इचलकरंजीचं मलमल किंवा कॅम्ब्रिक मीटरवर घ्या, मांजरपाट नको, ते नवीन असताना बाळाला टोचतं आणि मऊ व्हायला लई वेळ घेतं. आणि पांढरं किंवा बिनरंगाचं घ्या. लंगोटाला आतून रंग कशाला पाहिजे? पंचगंगेची अवस्था आपल्याला माहितीय, शहरांचं सांडपाणी आणि कापड प्रोसेसिंगचं पाणी दोन्ही तिच्यातच जातंय. छापील कार्टून फक्त बाहेरच्या कव्हरवर असलं तरी फोटो चांगला येतोच की.

लंगोट तीस तरी ठेवा. इतर वेळी वीस-चोवीसमध्ये भागतं, पण तुमचं बाळ ऐन पावसाळ्यात येणार आणि नवजात बाळ दिवसाला दहा-बारा वेळा तरी ओलं करतं. लंगोट त्रिकोणी घाला, पाय सरळ करून घट्ट बांधू नका, बेडकासारखे दुमडलेले राहिले तरच खुब्याच्या सांध्याला चांगलं. जुन्या बायका कधी कधी पाय सरळ ओढून दुपट्यात आवळतात, तेवढं मात्र प्रेमाने अडवा.

आता खरा मुद्दा, वाळणं. दिल्ली-बेंगळुरूत बसून कंपन्या जे सांगतात ते कोल्हापूरच्या जुलैला लागू पडत नाही. इथं सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, गच्चीवर पत्रा असला तरी हवाच ओली असते. त्यामुळं डायपर घेताना मी लोकांना पहिला प्रश्न हाच विचारायला सांगते, की हा पंख्याखाली किती वेळात वाळतो. कापडी डायपरचे ढोबळ प्रकार असे बघा: एक, सगळं एकत्र शिवलेला, ज्यात पॅड कव्हरलाच जोडलेलं असतं. हा घालायला सगळ्यात सोपा आणि पावसात सगळ्यात त्रासाचा, कारण सहा-आठ थर एकावर एक शिवलेले, आतला थर ओला राहतो आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतो. दुसरा पॉकेटवाला, ज्यात खिशात पॅड घालायचं असतं, हा मधला. तिसरा, नुसतं वॉटरप्रूफ कव्हर आणि आत घडी घातलेला लंगोट किंवा सुटं पॅड. कोल्हापूरला, पावसाळ्यात, हाच घ्या. कव्हर नुसतं झटकून दोरीवर टाकलं की थोड्या वेळात कोरडं, आतला लंगोट उलगडला की एकेरी कापड, तेही पंख्याखाली वाळतं. शिवाय नुसती शू झाली असेल तर कव्हर पुसून, वारा देऊन परत वापरता येतं, फक्त लंगोट बदलायचा. म्हणजे तीस लंगोटांना सहा कव्हर बास. चोवीस डायपरऐवजी सहा कव्हर, प्लॅस्टिक किती कमी घरात आलं ते तुम्हीच बघा.

प्लॅस्टिक म्हणते कारण ते आहेच. वॉटरप्रूफ कव्हर म्हणजे पीयूएल, पॉलिस्टरच्या कापडाला मागून पॉलियुरेथेनची पातळ फिल्म चिकटवलेली. मीही तेच वापरते, दुसरा परवडणारा पर्याय नाही. युरोपात लॅनोलिन (लोकरीतनंच निघणारं मेण) लावलेल्या लोकरीची कव्हर्स वापरणारे लोक आहेत, पण आपल्या घोंगडीची लोकर बाळाच्या बुडाला लावायची कल्पना कुणी करू नये. तर पीयूएलचं कव्हर असूनही कुणी आख्खा डायपर ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकत असेल तर तिथंच पान बंद करा. पॉलिस्टर कुजत नाही. प्रामाणिक कंपनी सांगते की आत सुती आहे, बाहेर पीयूएल आहे, आणि हे इतकी वर्षं टिकावं म्हणून आम्ही अमुक केलंय.

बांबूचं पण असंच. बांबूचं मऊसूत पॅड म्हणजे जवळपास सगळीकडं बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस असतं, त्या प्रक्रियेत कार्बन डायसल्फाईडसारखं विषारी रसायन लागतं, आणि कारखान्याने ते नीट सांभाळलं नाही तर कामगारांना आणि नदीला त्रास. अमेरिकेत तर व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणून, पर्यावरणपूरक म्हणून विकलं ह्या आरोपावरून कोल्स आणि वॉलमार्ट ह्या दोन मोठ्या दुकानांना २०२२ मध्ये मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरायला लागला. पॅड म्हणून बांबू वाईट नाही, पितं चांगलं, पण ‘नैसर्गिक’ म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. आणि पावसात लई उशिरा वाळतं.

मायक्रोफायबरचं पॅड स्वस्त सेटमध्ये येतं. ते म्हणजे भांडी घासायचा स्पंज, भरभर पितं आणि बाळ मांडीवर बसलं की दाबून सगळं परत सोडतं. ते थेट कातडीला लावायचं नसतं, ओल ओढून कातडी कोरडी करतं, वरून सुती थर लागतोच. हेम्प (भांगेच्या जातीच्या झाडाचा धागा) असेल तर चांगलं, हळू पितं पण लई धरून ठेवतं, रात्रीसाठी मस्त. बहुतेक वेळा ते कॉटनबरोबर मिक्स असतं, त्यात फसवणूक काही नाही.

लेबलांचं सांगते, कारण इथंच सगळ्यांचा गोंधळ होतो. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तयार कापडात घातक रसायनं ठरावीक मर्यादेच्या आत आहेत, एवढाच. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी त्यातला प्रॉडक्ट क्लास १ लागतो, तो आहे का बघा. पण कापूस कसा पिकवला ह्याबद्दल ते काही बोलत नाही. गॉट्सचा (GOTS, ऑरगॅनिक कापडाचं जागतिक मानक) शिक्का त्याच्या पुढचा, त्यात ऑरगॅनिक सर्टिफाईड शेतातला धागा लागतो आणि कापसाची सरकी काढण्यापासून शिलाईपर्यंत तपासणी होते, सांडपाणी आणि कामगारांच्या अटी पण येतात. त्यात ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो, आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ प्रकाराला किमान ७० टक्के. आता गंमत कुठं होते, तर कापडाच्या गिरणीचं सर्टिफिकेट असतं आणि शिवणारा ते स्वतःच्या वेबसाईटवर टाकतो. गॉट्सचा शिक्का तयार मालावर लावायचा तर शिवणाऱ्यापर्यंत सगळ्या पायऱ्या सर्टिफाईड लागतात. लायसन्स नंबर मागा, गॉट्सच्या साईटवर टाकून बघा, ओको-टेक्सच्या लेबलवरचा नंबरही त्यांच्या साईटवर तपासता येतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर शिक्का नाहीच असं धरून चाला. उलट एखादी छोटी शिवणारी बाई सरळ म्हणाली की माझ्याकडं सर्टिफिकेट नाही, त्याचा खर्च मला झेपत नाही, कापड इचलकरंजीच्या अमुक व्यापाऱ्याकडनं आणते, बिल दाखवते, तर ती मला जास्त विश्वासाची वाटते.

आणि हो, ‘इको-फ्रेंडली’ नुसतं असंच मोघम लिहून चालत नाही आता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या खोट्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्यात, असले शब्द वापरायचे तर नेमकं काय आणि कशाच्या आधारावर ते सांगायला लागतं. कंपनीला मेल करून आधार विचारा, तो तुमचा हक्क आहे. उत्तरच नाही आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे.

आता घरी नमुना आल्यावर काय बघायचं. मी नेहमी एकच पीस मागवायला सांगते, तो न धुता टेबलावर घ्या, कारण धुतल्यावर परत करता येत नाही.

आधी कव्हर उलटं करून शिलाई बघा. धागा सुती वापरला असेल तर तो वातीसारखी शू ओढून बाहेर आणतो, कव्हर कितीही भारी असलं तरी मांडीपाशी ओलं होणार, त्यामुळं पॉलिस्टरचाच धागा पाहिजे. कसं कळणार? कडेचं एक सुटं टोक कापा, चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि चिमटीत राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. हीच परीक्षा पॅडच्या धाग्यावर केली की ‘हंड्रेड पर्सेंट कॉटन’ची खात्री होते, अर्थात बांबू व्हिस्कोस आणि कॉटन ह्यात फरक कळत नाही, दोन्ही कागदासारखीच जळतात. बाळाच्या खोलीपासून लांब करा एवढंच.

मग टिचबटण. बोटाने कव्हर धरून बटण ओढून बघा, मागं कापडाचा जास्तीचा तुकडा लावलाय का ते चाचपा. नुसत्या पीयूएलवर बटण मारलं असेल तर पाच-सहा महिन्यांत भोकासकट निघून येतं. वेलक्रो नवजात बाळाला सोयीचा असतो पण त्यात धागे अडकतात, मशीनमध्ये दुसरे कपडे ओरबाडतो, आणि बाळ मोठं झालं की स्वतःच उघडतं.

सगळ्यात महत्त्वाचं इलॅस्टिक. कापडी डायपर मरतो तो इलॅस्टिकने, कापड चांगलं असतं, फिल्म चांगली असते, मांडीचं इलॅस्टिक सैल पडतं आणि लोक डायपर टाकून देतात. इलॅस्टिक जर नळीत ओवलेलं असेल, दोन्ही टोकांना टाका मारून, तर कुठलाही टेलर ते दहा मिनिटांत बदलून देतो. कापडाबरोबर सरळ शिवून टाकलेलं असेल तर सगळी कड उसवायला लागते, कुणी करत नाही. म्हणून कंपनीला विचारा, इलॅस्टिक बदलून देता का, सुटं पॅड एकेक मिळतं का. ज्यांना वस्तू टिकावी असं वाटतं त्यांच्याकडं ह्याचं उत्तर तयार असतं, आणि ज्यांना दर वर्षी नवीन प्रिंट विकायचंय ते डिस्काउंट कोड पाठवतात.

नमुना ठेवायचा ठरला की पॅड तोलून बघा. किचनच्या काट्यावर कोरडं तोला, पाण्यात बुडवून लटकवा, थेंब गळायचे थांबले की परत तोला. फरक म्हणजे त्याची खरी ताकद. मग हाताच्या तळव्याने दाबा, किती सुटतं बघा. फक्त नवीन ऑरगॅनिक किंवा अनब्लीच्ड कॉटनवर ही परीक्षा लगेच करू नका, कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा जायला पाच-सहा धुणी लागतात, तोपर्यंत पाणी वरनं घरंगळतं आणि माल खराब आहे असं वाटतं.

‘महिलांना रोजगार’ असं लिहिणाऱ्यांना एवढंच विचारा की नगावर किती मिळतं आणि शिलाई कुठं होते. मी स्वतः ह्या धंद्यात आहे, नगाचे पैसे सांगायला लाजणारा माणूस कमी देत असतो.

मिस्टरांचा पाण्याचा मुद्दा टाकाऊ नाही, त्यांना उडवून लावू नका. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली हिशोब मांडला होता, अडीच वर्षांचा एका बाळाचा: डिस्पोजेबलचे साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन आणि कापडीचे सरासरी ५७०. म्हणजे कापडी वापरलं की आपोआप पुण्य लागलं असं नाहीच. पण त्याच अभ्यासात पुढं आहे, की मशीन भरून लावलं, बाहेर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर ते जवळपास २०० किलोंनी खाली येतं, आणि उलट नेहमी ड्रायरमध्ये वाळवून जास्त गरम पाण्यात धुतलं तर हजाराच्या जवळ जातं. त्यांच्याच सरकारने २०२३ मध्ये नवा अभ्यास काढला त्यात कापडीचं उत्सर्जन सुमारे २५ टक्के कमी निघालं. हे तिकडचे आकडे, तिकडची वीज, पण रोख इथंही तोच. आपण दोरीवर वाळवतो, ही मोठी जमेची बाजू आहे, गच्चीवर सोलर असेल तर गरम पाणीही फुकटात. आणि डिस्पोजेबलमध्येही पाणी जातंच, लगदा करायला, फक्त ते आपल्या मीटरवर दिसत नाही. शेवटी ती पाकिटं घंटागाडीतनं कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर जाऊन पडतात आणि तिथं ती हातानं वेगळी करणारी माणसं असतात.

धुण्याचं फार अवघड करू नका. शी असेल तर संडासात झटकून, धारेखाली खळबळून घ्या. रात्रीचा लंगोट सकाळी लगेच पाण्यातून काढा, नाहीतर अमोनियाचा वास बसतो. बादलीत भिजत दिवसभर ठेवू नका, कोरड्या बादलीत टाका आणि एक दिवसाआड तरी धुवा. एकदा साध्या पाण्यातून, मग पुरेशी पावडर घालून कोमट ते गरम पाण्यात, साठ अंशांच्या वर नको, कव्हरची फिल्म सुटते. बोअरचं पाणी असेल तर वडीचा साबण टाळा, जड पाण्यात साबणाचा चिकट थर कापडावर बसतो आणि मग लंगोट पीत नाही. रिठ्याचं लई कौतुक चालतं, रेशमाला ठीक आहे, शीच्या लंगोटाला त्याचा जोर पुरत नाही. सॉफ्टनर बंद. पिवळे डाग साबणाने काढत बसू नका, ऊन पडेल त्या दिवशी ओला लंगोट उन्हात टाका, डाग आपोआप उडतात. पावसात शेवटची ओल काढायला लंगोटाला इस्त्री मारा, कव्हरला कधीच नाही. शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवायची जुनी पद्धत आहे, पण निखाऱ्याचा धूर असलेल्या बंद खोलीत बाळ-बाळंतीण नको.

रॅशची क्रीम लावायची असेल तर मध्ये मलमलचा सुटा तुकडा टाका, जाड क्रीम कापडाला लागली की तेच, पाणी पित नाही. दोन-तीन तासांनी बदलताय तरी लालसरपणा जात नसेल, कडेला बारीक पुटकुळ्या असतील, तर डायपर बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा, ते बुरशीचं असू शकतं.

आणि पहिल्या महिन्यात रात्री किंवा गाडीने गावाला जाताना डिस्पोजेबल लावला म्हणून काही बिघडत नाही. दिवसा कापडी, रात्री एक विकतचा, असं केलं तरी कचऱ्याचा मोठा भाग वाचतो आणि बाळंतिणीला झोप मिळते. वापरलेला मात्र त्यासोबत दिलेल्या पिशवीत किंवा कागदात गुंडाळून वेगळा द्या, घनकचऱ्याच्या नियमांत तसंच सांगितलंय.

तर तुमची खरेदी अशी: आत्ता तीस लंगोट घरच्या कापडाचे, नवजात मापाची दोन-तीन कव्हरं, शक्यतो कुणा नात्यातल्या बाळाची वापरलेली, फक्त इलॅस्टिक ओढून बघून. बाळ पाच किलोचं झालं की फ्री-साईज कव्हरचा एक नमुना, चार-पाच धुणी बघून मग सहा. ऑक्टोबरपर्यंत ऊन येतंच, तेव्हा रात्रीसाठी हेम्पची दोन-तीन जाड पॅड घ्या.

पुढच्या बाळासाठी ठेवताना पूर्ण वाळवून, बटणं उघडी ठेवून, इलॅस्टिक ताणलं जाणार नाही असं सुती पिशवीत ठेवा. पेटीत डांबर गोळ्या टाकू नका, त्यातल्या नॅप्थलिनमुळं जी-सिक्स-पीडीची (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाईम) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते, आणि ती कमतरता आहे हे आधी माहीत नसतं. कडुलिंबाचा सुका पाला घाला, आणि काढल्यावर एकदा धुऊन मगच बाळाला लावा.